अडतीस गिऱ्हाइकं

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे शेठ म्हणतात. हे नाव वडिलांनी ठेवलं, आणि कौतुकानं ठेवलं असा कुणाचा समज झाला असेल तर तो आधी काढून टाका. त्यानं पूर्वी घरी मेणबत्त्या करायला घेतल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात खोक्यातल्या सगळ्या मेणबत्त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि खोक्याच्या आकाराची एकच मेणबत्ती झाली. ती दोन्ही हातांनी उचलून तो बाहेर आला, तेव्हा वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, "या शेठ, बसा. काय म्हणतोय धंदा?" वडील गेले, नाव राहिलं.

मेणबत्त्यांनंतर मासे. काचेच्या पेटीत रंगीत मासे वाढवायचे आणि दुकानांना द्यायचे. शेठ कामावर असताना पेटीचा पंप बंद पडला, आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो तर भांडवल उताणं तरंगतंय. त्यानंतर अळिंबी. अळिंबीला अंधार आणि ओल लागते म्हणून न्हाणीघर अडवलं. दीड महिना त्याची बायको आणि मुलगी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होत्या. अळिंबी उगवली, नाही असं नाही. पण जी उगवली ती खायची नव्हती, हे घ्यायला आलेल्या माणसानं लांबूनच वास घेऊन सांगितलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचा शेठ तोंड पोळलं की दुसरीकडे गरम दूध कुठे मिळेल ते शोधायला निघतो.

मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचा अभ्यास, त्याचा ताप, त्याची फाटकी दप्तरं सगळं माझ्याच वाट्याला. म्हणून त्यानं काहीही केलं की पहिल्यांदा ते माझ्याकडे यायचं. पहिली मेणबत्ती माझ्या टेबलावर, पहिला मासा माझ्या बरणीत. मी तोंडाची फटकळ आहे. वाईट असेल तर वाईट म्हणते, आणि खोटं कौतुक मला मारून टाकलं तरी जमत नाही. तरी तो यायचाच.

अळिंबीचा वास न्हाणीघरातून जायला दोन महिने लागले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याला समोर उभं करून सांगितलं, "शेठ, आता पुरे. यापुढे मला काही आणून दाखवायचं नाही. एखादं परकं गिऱ्हाईक आपणहून लिहून देईल ना, की वस्तू चांगली आहे, ते लिहिलेलं घेऊन ये. तोपर्यंत माझ्यासमोर धंद्याचा शब्द काढायचा नाही."

"बरं," तो हसून म्हणाला. त्याला माझ्या बोलण्याचा राग कधीच येत नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तो एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, कॅलेंडरं, जे छापून येईल ते मापात कापायचं. कापलं की कडेच्या पट्ट्या उरतात, काही अगदी चांगल्या कागदाच्या, हात-दीड हात लांब, चार बोटं रुंद. त्या रद्दीत जायच्या. छापखान्यातला म्हातारा बाइंडर निवृत्त व्हायच्या आधी वर्षभर जेवणाच्या सुट्टीत शेठला शिलाई शिकवत बसला. पानांचे जुडगे कसे घडी घालायचे, दाभणानं भोकं कुठे पाडायची, दोरा आतून बाहेर कसा काढायचा, खळ किती पातळ करायची. तो म्हातारा गेल्यावर शेठनं मालकाला विचारून त्या पट्ट्या घरी न्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्या वह्या शिवायला लागला. मग मुलीकडून फोनवर एक दुकान काढून घेतलं. नाव, चार फोटो, खाली मागणी नोंदवायचं बटण, आणि त्याच्याही खाली गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहायची जागा.

हे मला त्यानं सांगितलं नाही. मीच बंदी घातली होती ना! मला सांगितलं भावजयीनं.

"ताई, तुम्ही रागवू नका," ती म्हणाली, "पण तीन आठवडे झाले, एक मागणी नाही. ते जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतात. घास हातात असतो आणि बघत बसतात. मी म्हटलं, अहो, फोन काय वाढणार आहे का तुम्हाला? तर म्हणतात, या वेळेला जमलं नाही तर परत कशाला हात लावणार नाही, शपथ."

"बरंच झालं की मग," मी म्हणाले.

"नाही हो ताई. ते असं कधी म्हणत नाहीत."

ते मात्र खरं होतं. मासे मेले त्या संध्याकाळी तो पेटी धुता धुता मला विचारत होता की हीच पेटी उलटी टाकली तर स्टूल म्हणून खपेल का. हरणं त्याला लागत नव्हतं. आता लागायला लागलं होतं. पंचेचाळिशी आली होती, केस विरळ झाले होते, आणि शेठ म्हटलं की तो पूर्वीसारखा हसत नव्हता. त्या रविवारी मी त्याच्याकडे गेले तर तो खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसला होता. मी आल्यावर त्यानं फोन खिशात टाकला, शाळेतल्या मुलानं कॉपी लपवावी तसा.  सोमवारी ऑफिसात जाऊन मी पहिली वही मागवली.

आता मी काय काम करते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका मोठ्या सरकारी खात्यात आवक-जावक कारकून आहे. बाहेरून येणारं प्रत्येक टपाल माझ्या टेबलावर येतं. मी त्यावर तारखेचा शिक्का मारते, वहीत क्रमांक घालते, आणि ज्याचं त्याला पाठवते. सत्तावीस वर्षं हेच. या कामाचा एकच धर्म आहे: दुसऱ्याच्या नावाचं टपाल उघडायचं नाही. वरून काहीही दिसो, आतून खुळखुळो, वास येवो, आपण शिक्का मारायचा आणि पुढे सारायचं. सत्तावीस वर्षांत मी एकही पाकीट फोडलं नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आमच्या खात्याची शहरात अकरा कार्यालयं आहेत. रोज दुपारी त्यांच्यात टपालाची पिशवी फिरते. अकराही ठिकाणच्या आवक-जावकवाल्यांशी माझी वर्षानुवर्षांची ओळख. तोंडं फारशी पाहिलेली नाहीत, पण अक्षरं ओळखतो आम्ही एकमेकांची. मी सगळ्यांना फोन केला: अमुक नावाचं पार्सल तुमच्याकडे येईल, ते पिशवीत घालून माझ्याकडे लावून द्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. आमच्या जातीला प्रश्न विचारायची सवय नसते.

माझ्या नावानं मागवलं असतं तर शेठला कळलं असतं. पत्त्यातही खात्याचं नाव घातलं नाही, नुसता इमारतीचा क्रमांक आणि रस्ता. म्हणून नावं घेतली निवृत्त झालेल्यांची, बदलून गेलेल्यांची, आणि दोन तर वर गेलेल्यांचीही. मेलेल्या माणसाच्या नावानं वही मागवायला मला काही वाटलं नाही. त्यातले एक साहेब जिवंतपणी एकही कागद वेळेवर घेत नसत, म्हटलं आता तरी घ्या. फोनवरची खटपट आमच्या टंकलेखिकेनं करून दिली. चुणचुणीत आहे, पाच मिनिटांत नवं माणूस जन्माला घालते.

पहिलं पार्सल आलं ते खाकी कागदात, सुतळीनं बांधलेलं, चारी कोपरे काटकोनात. पत्त्याचं अक्षर शेठचं. मी शिक्का मारला, माझ्या मागच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि आत ठेवून दिलं.

टंकलेखिका म्हणाली, "बाई, उघडून बघा तरी."

"माझं नाव आहे का त्यावर?"

तिला वाटलं मी गंमत करते आहे. ती हसली. मी करत नव्हते.

"बरं, मग खाली अभिप्राय तरी टाकते. 'अतिशय सुंदर,' असं?"

"न बघता सुंदर? खोटं कौतुक माझ्या नावावर चालायचं नाही."

"नाव तुमचं कुठाय, बाई?"

"तरीसुद्धा," मी म्हणाले, आणि विषय मिटवला. मागणी तेवढी खरी होती, पैसे खरे होते, त्यात मला खोटं काही वाटत नव्हतं. कौतुक मात्र माझ्याच्यानं झालं नसतं. माणूस आपल्याला सोयीची तेवढीच तत्त्वं पाळतो आणि वर ताठ मानेनं फिरतो.

त्या रविवारी शेठकडे गेले तर घरात नूर वेगळाच. तो काही बोलला नाही, बंदी होती. पण पाण्याचा पेला माझ्या हातात देताना गुणगुणत होता. भावजयीनं मला आत नेऊन कानात सांगितलं, "पहिली गेली!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं बरं वाटलं की परत जाताना मी रिक्षा केली, एरवी मी चालत जाते.

मग मी थांबलेच नाही. आठवड्याला एक, कधी दोन. शेठनं पोटमाळ्याखालची जागा साफ करून तिथे फळी ठोकली. शिवताना पानं हलू नयेत म्हणून लाकडी चौकट करून घेतली. दहा मागण्या झाल्यावर त्याला राहवलं नाही. मला दारापर्यंत सोडायला आला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "ताई, शब्द काढत नाही. फक्त आकडा सांगतो. दहा."

"लिहून दिलं का कुणी?" मी विचारलं. अगदी सहज. तोंडाची सवय.

"देतील," तो म्हणाला.

चार महिन्यांनी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर उजेड गेला होता. मला वाटलं मागण्या कमी पडताहेत. मी आठवड्याला तीन केल्या. तो आणखी उतरला. मी चारवर गेले. दोन कार्यालयांमधून मला फोन आला की बाई, तुमच्या पिशवीचं वजन वाढलंय. कपाटाचा खालचा कप्पा भरला म्हणून मी मधल्या कप्प्यातल्या जुन्या फायली हलवल्या. भावजय सांगायची, आता खळ बदलतात, आता दोरा बदलतात, शिवलेलं उसवतात आणि परत शिवतात. "मागण्या येताहेत ना?" मी विचारायची. "येताहेत हो. त्याचंच काही कळत नाही."

एकदा त्यानंच मला विचारलं. गॅलरीत उभे होतो. म्हणाला, "ताई, तू एखादी वस्तू घेतलीस आणि तुला आवडली, तर तू काही बोलतेस ना?"

"आवडली नाही तर बोलते," मी म्हणाले. "आवडली तर कशाला बोलेन? वापरते. गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे असं समजावं."

"सगळेच गप्प कसे असतील पण? तीसच्या वर माणसं आहेत. एकालाही दोन ओळी..."

"लोकांना उद्योग असतात, शेठ. तुझी वही घेतली म्हणून काय पोवाडा गातील?"

तो मान हलवून आत गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, पुढच्या वेळी पाच मागवते. पालथ्या घड्यावर पाणी दुसरे ओततात असं मला वाटायचं. इथे ओतणारीही मी होते आणि घडाही मीच पालथा धरला होता.

ती पाच मागवायची वेळ आली नाही. पुढच्या रविवारी गेले तर पोटमाळ्याखालची फळी निघालेली होती. भिंतीत खिळ्यांची भोकं दिसत होती. चौकट छापखान्यातल्या एकानं नेली होती, भाजीची रोपं बांधायला. फोनवरचं दुकान बंद केलेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. दुसरी पाळी घेतली. दुपारी तीन ते रात्री अकरा. सकाळची आहेच." तो नखाखालची वाळलेली खळ काढत होता. "अडतीस माणसांनी घेतली, ताई. अडतीसांतल्या एकालाही चांगली आहे म्हणावंसं वाटलं नाही. वाईट आहे असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तरी मी सुधारली असती. लोक भले असतात गं, तोंडावर सांगत नाहीत. मेणबत्त्या उन्हानं गेल्या, मासे पंपानं गेले. ही मात्र माझ्या हाताची होती." तेवढं बोलून तो आंघोळीला गेला, कारण रविवारीही दुपारची पाळी होती.

सोमवारी मी ऑफिसात गेले. माझा राग कुणावर होता कोण जाणे. टपाल तसंच टेबलावर ठेवलं, कपाट उघडलं आणि खालचं पहिलं पार्सल बाहेर काढलं. म्हटलं बघू तरी काय एवढं होतं त्यात. सुतळी कापली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडत होते.

वही लांबट होती, चार बोटं रुंद, तळहातावर मावेल अशी. पुठ्ठ्यावर निळं कापड. मी मधूनच उघडली, तर ती उघडीच राहिली, आपोआप मिटली नाही. ऑफिसातल्या कुठल्याच वहीला हे जमत नाही, त्यांच्यावर डबा ठेवून लिहावं लागतं. पानांच्या कडा इतक्या सारख्या की त्यांवरून बोट फिरवलं तर कुठे अडलं नाही. मी ती नाकाशी नेली, टेबलावर आपटून बघितली, पुठ्ठा वाकवून बघितला. खोड काढायला मी पटाईत आहे. मला खोड सापडली नाही.

आत घडी केलेली चिठ्ठी होती.

"आदरणीय साहेब," शेठनं लिहिलं होतं. "माझ्या दुकानातलं हे पहिलंच पार्सल. पत्ता लिहिताना हात कापत होता, म्हणून अक्षर बरं आलं नाही, माफी असावी. वही एकदम ताणून उघडू नये, दोन्ही कडांपासून थोडी थोडी पानं उघडत मध्यापर्यंत यावं, म्हणजे शिलाई बसते. कशी वाटली ते दोन ओळींत कळवलंत तर उपकार होतील. वाईट वाटली तरी कळवा."

मग मी एकामागून एक सगळी फोडली. टंकलेखिका जेवायला चला म्हणून आली होती, माझ्याकडे बघून परत गेली. प्रत्येकात चिठ्ठी होती. नवव्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "मला मोठी बहीण आहे. ती खोटं कौतुक करत नाही, म्हणून तिनं चांगलं म्हटलं तर मला ते पुरतं. पण तिला दाखवायच्या आधी परक्या गिऱ्हाइकाचं पत्र पाहिजे असं तिनं सांगितलं आहे, आणि तिचं बरोबरच आहे. आजवर मी तिला पुष्कळ काही दाखवलं आणि तिचा वेळ घालवला. आपण दोन ओळी लिहिल्यात तर ते पत्र घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. तिच्यासाठी एक वही बाजूला काढून ठेवली आहे."

सतराव्यात होतं, आधीच्या गिऱ्हाइकांना दोरा बहुतेक पसंत पडला नाही, म्हणून मेण लावलेला दोरा वापरला आहे. एकविसाव्यात खळ बदलली होती. सव्विसाव्यात कापड काढून कागदी पुठ्ठा केला होता, कारण निळा रंग लोकांना भडक वाटत असेल. एकोणतिसाव्यात पुन्हा कापड, राखाडी. मी वह्या ओळीनं मांडल्या तर दिसत होतं, माणूस एक एक चूक शोधत गेला होता आणि सुधारत गेला होता. त्यातली एकही चूक नव्हती. पहिली वही जितकी चांगली होती तितकीच अडतिसावी चांगली होती, फक्त अडतिसाव्या वहीवर काही रंगच नव्हता, साधा पुठ्ठा. चिठ्ठीत एकच ओळ होती: "आता माझ्या नजरेला काही दिसत नाही, आपल्याला दिसलं तर सांगा."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ऑफिसात, भर दुपारी, शिक्का हातात धरून. दुसऱ्याच्या नावाचं टपाल म्हणून मी उघडलं नाही हे मी सगळ्यांना ऐकवत होते, पण ते खरं नव्हतं. मला ठाऊकच होतं की वही वाईट असणार. मेणबत्त्यांसारखी, अळिंबीसारखी. वाईट निघाली असती तर मला तोंडावर म्हणावं लागलं असतं. ते नको म्हणून मी पैसे टाकत होते आणि कपाट लावत होते. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, एवढंच. दयेनं मागवलेली वस्तू कोण उघडून बघतं?

तसंच उठून छापखान्यावर गेले. चार वाजता त्यांना चहाची दहा मिनिटं मिळतात. फाटकाशी उभी राहिले, पिशवीत तीन वह्या आणि चिठ्ठ्या. घंटा झाली, माणसं बाहेर आली, त्यांत शेठ. बाह्यांवर कागदाचा भुसा.

"ताई? तू इथं? बरी आहेस ना?"

मी एक वही काढून पुढे केली. त्यानं ती उलटी करून मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं लिहिलेला आकडा बघितला. आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"एकवीस! तुझ्याकडे कशी आली? ते साहेब तुझ्या ओळखीचे निघाले? काय म्हणाले? ताई, काय म्हणाले ते?"

"कुणी साहेब नाहीत, शेठ. मी मागवली होती."

"तू?"

"ही, आणि बाकीच्याही."

"बाकीच्या म्हणजे किती?"

"सगळ्या."

 त्याचे ओठ हलत होते, नावं आठवत असावा. अडतीस नावं त्याला पाठ होती. मग एकदम त्यानं श्वास सोडला. "म्हणजे लोकांना आवडल्या नाहीत असं नाही," तो म्हणाला. "लोक नव्हतेच." आणि खरंच सांगते, तो हसला. खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखा. "मी उगाच दोरा बदलला मग."

"फार सुंदर आहेत रे. मी खोड काढायला बसले होते, मला काढता आली नाही. देवाशपथ सांगते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बघितल्याच नव्हत्या. आज बघितल्या."

"आज?"

"आज सकाळी उघडल्या. सगळ्या तशाच कपाटात होत्या."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी ताप चढताना व्हायच्या तशा. "चिठ्ठ्या वाचल्यास?"

"वाचल्या."

"परक्या माणसांना लिहिल्या होत्या त्या," तो खाली बघत म्हणाला.

मी पुष्कळ बोलले. दुकान परत उघड म्हटलं, मी माझ्या खऱ्या नावानं लिहिते म्हटलं, सगळ्या ऑफिसला दाखवते म्हटलं, चुकले म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो ऐकत होता की नव्हता कोण जाणे. एकवीस नंबरची वही हातात धरून तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. माझं बोलणं संपल्यावर त्यानं ती मला परत दिली.

"अडतीस वेळा तुझ्या हातात आली, ताई," तो म्हणाला. "एकदाही बघावीशी वाटली नाही?"

रागानं नाही विचारलं. पत्ता विचारावा तसं विचारलं, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. दुसऱ्याच्या नावाचं टपाल, असं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. खरं काय ते मला माहीत होतं, आणि ते खरं त्याला सांगण्यापेक्षा मेलेलं बरं होतं. जन्मभर खोटं बोलत नाही म्हणून मिरवलेली मी, मला त्या क्षणी एक धड खोटंही सुचलं नाही.

तो उत्तरासाठी थांबला. आजूबाजूची माणसं कप विसळून आत जायला लागली, तरी थांबला. मग घंटा झाली, आणि कागद कापायला तो आत निघून गेला.